नवीन लग्न झालेल्यांनी धुणं आणि इस्त्री कशी वाटून घ्यायची: पायरी पायरीने

मामेभावाचं लग्न होऊन सव्वा महिना झाला आणि परवा त्याचा फोन, "दादा, आम्ही सगळं नीट ठरवलेलं, ती धुणार मी इस्त्री करणार, तरी भांडण होतंय ते कपड्यांवरूनच." आमचंही चार वर्षांपूर्वी हेच झालेलं, आणि ओळखीत ज्यांची लग्नं झाली त्यातल्या निम्म्यांचं तरी हेच रडगाणं ऐकलंय. "तू धू, मी इस्त्री करतो" ही वाटणी ऐकायला एकदम बरोबर वाटते पण चालत नाही, कारण धुणं दिवसाआड डोक्यावर येऊन बसतं आणि इस्त्री मात्र रविवारवर ढकलता येते, रविवार आला की पुढच्या रविवारवर.

दोघंच राहताय, दोघंही नोकरीला, घरी मशीन आहे असं धरून लिहितोय. सासू-सासरे सोबत असतील किंवा धुण्याला मावशी येत असतील तर शेवटची पायरी बघा, पण बाकीच्या गाळू नका. पहिल्या दोन सोडून थेट वाटणीवर उडी मारलीत तर महिनाभरात परत इथेच याल.

१. आधी एक आठवडा नुसतं मोजा

काहीही वाटायचं नाही, आत्ता जसं चाललंय तसंच चालू द्या. फक्त फ्रीजवर एक कागद लावा आणि त्यावर लिहा: मशीन किती वेळा लावलं, इस्त्रीला किती नग निघाले आणि त्यातले कोणाचे किती.

आमचा कागद असा होता: मशीन ४ वेळा, इस्त्रीचे नग २६, त्यातले माझे १७. तोपर्यंत मी छातीठोकपणे सांगत होतो की इस्त्री जास्त हिच्याच कपड्यांना लागते.

वेळ मोजताना एक गफलत हमखास होते. मशीन तास-दीड तास चालतं तो वेळ धरायचा नाही, तेव्हा तुम्ही मोबाईल बघत असता. हाताला लागणारा वेळ धरा. कपडे वेगळे करणं, डाग बघणं, वाळत घालणं, काढणं, घड्या, कपाटात लावणं, एका फेरीला साधारण ४० मिनिटं जातात. चार फेऱ्या म्हणजे अडीच तासांच्या वर. इस्त्री नगाला ५ मिनिटं धरली तर २६ नगांना दोन तास दहा मिनिटं. म्हणजे आकडे जवळपास सारखे, फरक एवढाच की धुणं चार दिवस अडकवून ठेवतं.

चेक: हा आठवडा नेहमीचा ऑफिसचा घ्या. लग्नानंतरचे सत्यनारायण, देवदर्शन, दोन्हीकडची जेवणं संपू द्या, नाहीतर कागदावर नुसत्या साड्या आणि झब्बे दिसतील.

२. धुवायचं कधी आणि इस्त्री कशाला, हे ठरवा

खरं भांडण इथे असतं. बायकोच्या माहेरी उशीचे अभ्रे आणि पलंगपोससुद्धा इस्त्रीचे, आमच्याकडे घरात घालायच्या टीशर्टला इस्त्री केली तर आई विचारायची "कुठे निघालास?" दोघांना आपापलं घर म्हणजेच जगाची रीत वाटत असते.

चहा घेऊन बसा आणि एकेक वस्तू घ्या. जीन्स किती वेळा घालून धुवायची, टॉवेल किती दिवसांनी, चादर कधी. आमचं ठरलं ते असं: टॉवेल चार दिवसांनी, चादर दर रविवारी, जीन्स चार वेळा घातल्यावर, ऑफिसचा शर्ट आणि कुर्ता एकदाच. तुमचं वेगळं असेल, असू दे, पण ठरलेलं हवं. तसंच इस्त्रीचं. तीन गट करा: इस्त्री पाहिजेच, नीट झटकून वाळत घातलं की चालतं, आणि बाहेर द्यायचे. दुसरा गट जितका मोठा कराल तितके सुखी राहाल, हे माझं प्रामाणिक मत.

आता खुर्ची. प्रत्येक घरात बेडरूममध्ये एक खुर्ची असते जिच्यावर कोणी बसत नाही, तिच्यावर एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले कपडे साठत जातात, आणि आठ दिवसांनी त्यातलं स्वच्छ काय नि मळकं काय हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून सगळंच मशीनमध्ये जातं. यावर उपाय म्हणजे दरवाज्यामागे दोन खुंट्या, एक तुझी एक माझी. खुंटीवर तीनच्या वर कपडे झाले की निकाल लावायचा, आत किंवा बादलीत.

सावधान: "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य या चर्चेत दोघांनीही बोलायचं नाही. बोललात की विषय कपड्यांचा राहत नाही.

३. कामाचे तुकडे पाडून कागदावर लिहा

धुणं हे एक काम नाही. मळके कपडे गोळा करणं, खिसे तपासणं, रंगाप्रमाणे वेगळे करणं, डाग आधी घासणं, मशीन लावणं, थांबल्यावर लगेच काढणं, वाळत घालणं, पाऊस आला तर आत घेणं, काढून घड्या घालणं, इस्त्रीचे बाजूला करणं, इस्त्री, कपाटात लावणं, आणि पावडर संपत आलीये हे लक्षात ठेवणं.

मधली कामं दिसतात. भांडणं पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यावरून होतात. आमच्याकडचा संवाद जसाच्या तसा:

"अगं, मग सांगायचंस ना, मी लावलं असतं मशीन."

"अरे, सांगायचं लक्षात ठेवणं हेच तर काम आहे!"

मला हे कळायला दोन महिने लागले. मशीन लावायला मी कधीच नाही म्हणत नव्हतो, पण शुक्रवारच्या प्रेझेंटेशनसाठी पांढरा शर्ट लागणार म्हणून बुधवारी पांढऱ्यांची फेरी झाली पाहिजे, हा विचार माझ्या शर्टासाठी तीच करत होती.

४. आता वाटणी

सहसा लोक तीनपैकी एक पद्धत घेतात. एकाने धुणं एकाने इस्त्री, ती का फसते ते वर आलंच. दुसरी, ज्याचे कपडे त्याने धुवायचे, हॉस्टेलसारखं. ती वाईट नाही पण दोघांत ७ किलोचं मशीन असताना अर्ध्याअर्ध्या फेऱ्या होतात, पाणी वाया, आणि चादरी-टॉवेल-पायपुसणी अनाथ राहतात.

आमच्याकडे टिकली ती तिसरी: धुणं एकत्र, वारावर, इस्त्री ज्याची त्याची. मंगळवार आणि शनिवार माझे, गुरुवार आणि रविवार तिचे. ज्याचा वार त्याने गोळा करण्यापासून कपाटापर्यंत सगळं करायचं, दोघांच्याही कपड्यांचं. मशीन लावून "मी माझं केलं" म्हणत सटकायचं नाही. कपडे रात्रभर मशीनमध्ये राहून कुबट वास मारायला लागले तर परत धुवायचे तेही त्यानेच.

इस्त्री ज्याची त्याची अशासाठी की शर्टाची क्रीज किती कडक पाहिजे हे ज्याचं त्यालाच माहीत, आणि स्वतःला करायची असली की माणूस आपोआप सुरकुत्या न पडणारे कपडे घ्यायला लागतो. माझे १७ नग सहा महिन्यांत ९ वर आले, कसे ते मलाही नीट सांगता येणार नाही. अदलाबदल चालते. तिच्या दोन कॉटनच्या साड्या मी करतो, बदल्यात चादरी बदलायचं तिच्याकडे. साडीला दोन माणसं लागतात म्हणा, एकाने टोक धरायला.

इस्त्रीवाल्याकडे द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण त्याचे पैसे घरखर्चातून जाऊ द्या आणि नेऊन देणं-मोजून आणणं हेही काम म्हणून कागदावर लिहा. देताना नग मोजून लिहून ठेवा, आणल्यावर दारातच मोजा. आमचा एक अभ्रा असाच कुठेतरी गेलाय.

चेक: कागद बघा, पावडर आणणं कोणाच्या नावावर आहे? कोणाच्याच नसेल तर वाटणी अजून झालेली नाही.

५. एक फेरी दोघांनी मिळून लावा

एका रविवारी दोघंही मशीनसमोर उभे राहा. ज्याला येतं त्याने सांगायचं, ज्याला येत नाही त्याने हाताने करायचं, उलट नाही. बघून कोणी शिकत नाही.

आधी खिसे. रिफिल, टिशू पेपर, नोटा. टिशू पेपर एकदा मशीनमध्ये गेला की काळ्या पँटवरचे पांढरे कण दोन दिवस वेचत बसाल. शर्टाची बटणं उघडी, जीन्सची चेन लावून उलटी करून, ब्राचे हूक लावून जाळीच्या पिशवीत, नाड्यांना सैल गाठ.

मग ढीग. पांढरे, फिके, गडद, आणि टॉवेल-चादरी. टॉवेल बाकीच्यांत टाकले की त्याची लव सगळ्यांना लागते. नवीन रंगीत कपडा आला की आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रुमालाला रंग लागला तर तो कपडा वेगळा, हाताने. हे मी का सांगतोय, तर लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात मी मदतीच्या उत्साहात बायकोचं मरून खणाचं ब्लाउज माझ्या तीन पांढऱ्या शर्टांबरोबर टाकलं. तिन्ही शर्ट गुलाबी, तेही पट्ट्यापट्ट्यांनी. त्यात मी ते तसेच उन्हात वाळत घातले. रंग लागला असेल तर कपडा वाळू द्यायचा नाही, इस्त्री तर अजिबात नाही, ओला असतानाच बाकीच्यांपासून वेगळा करून परत भिजवायचा, वाळला आणि गरम झाला की रंग धरून बसतो.

डाग मशीनमध्ये जाण्याआधी बघा. कॉलर आणि बाह्यांच्या कडा थोडं लिक्विड लावून हाताने घासायच्या. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, नवीन माणूस घाबरतो आणि अजून घासत बसतो. घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे तो रंग बदलतो, पाण्यात नीट खळबळला की परत पिवळा होतो, आणि मग कडक उन्हात वाळत घाला, हळद उन्हाने उडते. एका उन्हात नाही गेली तर दोन-तीन वेळा.

कपड्याच्या आतलं लेबल वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम. टबच्या चित्रातला आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती गरम चालेल ते. टबमध्ये हात दिसला तर हाताने धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. गोलात P किंवा F अक्षर असेल तर ड्रायक्लीन, आणि त्या गोलावर फुली असेल तर तेही नको.

ड्रम पाऊण भरा, कोंबू नका. पावडर जास्त टाकली की कपडे जास्त स्वच्छ होतात हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे, प्रत्यक्षात ती नीट निघत नाही आणि गडद कपड्यांवर पांढरे डाग राहतात. फ्रंट लोडला त्याचीच पावडर वापरा, साध्या पावडरचा फेस आवरत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर फेस कमी येतो, टॉवेल कडक होतात. पण म्हणून टॉवेलला कंडिशनर घालू नका, ते मऊ होतात आणि पाणी टिपायचं सोडतात.

६. दोरीवर निम्मी इस्त्री होते

ही पायरी लोक सगळ्यात जास्त वाया घालवतात. मशीन थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आत कपडे बाहेर. प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून जोरात झटका, फटकन आवाज आला पाहिजे. शर्ट थेट हँगरवर, वरचं एक बटण लावून, कॉलर आणि पुढची पट्टी ओली असतानाच हाताने ओढून सरळ करून. टीशर्टला खांद्याला चिमटे लावू नका, टोकं येतात, खालच्या बाजूने लावा. गडद कपडे उलटे करून सावलीत, पांढरे उन्हात.

बोळा करून दोरीवर टाकलेला शर्ट इस्त्रीला दहा मिनिटं खातो, झटकून हँगरवर लावलेला चार. ज्याचा धुण्याचा वार आहे त्याने दुसऱ्याचे कपडे बोळे करून टाकले तर इस्त्रीचा भुर्दंड दुसऱ्याला, म्हणून हा नियम लेखी ठेवा. आमच्या कागदावर लाल पेनाने आहे, कोणी कोणासाठी लिहिलाय ते विचारू नका.

थांबा: मशीनचं काम झालं की दार उघडं ठेवा. फ्रंट लोडच्या रबरात पाणी साचतं, ते फडक्याने पुसा, नाहीतर काळी बुरशी धरते आणि मग स्वच्छ धुतलेल्या कपड्यांनाच वास येतो.

७. इस्त्रीचा क्रम

इस्त्री तापत चाललेली असते, म्हणून कमी गरमवाले आधी. सिंथेटिक आणि रेशीम, मग लोकर, शेवटी कॉटन आणि लिनन. उलट केलंत तर कॉटनसाठी तापवलेली इस्त्री पॉलिस्टरच्या कुर्त्यावर ठेवाल आणि तो चिकटून येईल. लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर साधारण ११० अंशांपर्यंत, दोन १५०, तीन २००.

कॉटन थोडं दमट असतानाच घ्या. पूर्ण वाळलं असेल तर पाणी शिंपडून गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, आई करायची तसंच. खळ घातलेली साडी तर दमट नसेल तर सरळच होत नाही.

शर्ट: आधी कॉलर, उलट्या बाजूने आणि टोकाकडून मधे, म्हणजे टोकाला चुणी येत नाही. मग खांदा, मग कफ, मग बाह्या, मग पुढचे दोन भाग बटणांच्या मधून टोक फिरवत, शेवटी पाठ. नवशिके पाठीपासून सुरू करतात कारण ती मोठी आणि सोपी, आणि मग बाह्या करताना तीच चुरगळते.

काळी पँट उलटी करून किंवा वर सुती कापड ठेवून, नाहीतर गुडघ्यावर चकाकी येते ती जात नाही. प्रिंट असलेला टीशर्ट उलटा. रेशीम उलट्या बाजूने, आणि जरीवर पाणी शिंपडायचं नाही.

सगळी इस्त्री एकदम करा, रोज सकाळी एकेक नको. रोज तापवण्यात वीज जातेच, शिवाय सकाळी पावणेनऊला एकाच बोर्डावर दोघं उभे राहिलात की काय होतं ते सांगायला नको. झाल्यावर गरम शर्टाची लगेच घडी घालू नका, पाच मिनिटं हँगरवर राहू द्या.

चेक: बटण बंद, पिन काढलेली, इस्त्री उभी. निघताना दोघांपैकी कोणी बघायचं हे ठरवा. आम्ही एकदा अर्ध्या रस्त्यातून परत आलोय, प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने काढली. इस्त्री थंडगार होती, पण सिनेमाची पहिली वीस मिनिटं गेली.

८. लग्नातले भारी कपडे

शालू, पैठणी, शेरवानी लग्नानंतर ज्या बॅगेतून आले त्याच बॅगेत महिनोन्महिने पडतात, कारण ते वाटणीत कुठेच येत नाहीत. पहिल्या महिन्यातच काढा. सावलीत वाऱ्यावर दिवसभर, घामाचा किंवा अक्षता-कुंकवाचा डाग दिसला तर खुणेला दोरा बांधा आणि ड्रायक्लीनला देताना बोट ठेवून दाखवा. परत आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या सुती कापडात गुंडाळा, जरीवर परफ्यूम किंवा डांबराच्या गोळ्या लागू देऊ नका, ती काळी पडते. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवीन घडी घाला, एकाच जागी घडी राहिली की रेशीम तिथेच चिरतं. हे काम दोघांनी मिळून करा, दिवाळी, गुढीपाडवा अशा सणांच्या आसपास ठेवलं तर विसरत नाही.

९. पावसाळा, मावशी, सासर आणि महिन्याचा हिशोब

जून लागला की वेळापत्रक मोडणार, आधीच मान्य करा. फेऱ्या छोट्या करा, एका दिवसात दोन नकोत, कारण वाळवायला जागाच नसते. स्टँड पंख्याखाली, कपड्यांमध्ये चार बोटं अंतर, जीन्स आणि चादरी उघडीप दिसेल तेव्हाच.

धुण्याला मावशी असतील तर रंग वेगळे करणं, खिसे आणि डाग हे तुमचंच काम, त्यांच्यावर ढकलून नंतर तक्रार करू नका. त्या सुट्टीवर असल्या की वार परत लागू.

सासू-सासऱ्यांबरोबर राहत असाल तर त्या घरात आधीच एक पद्धत चालू असते, ती आधी महिनाभर बघा. मुलाने आपले कपडे स्वतः धुवायला आणि इस्त्री करायला सुरुवात करायची आणि आईला ते त्यानेच सांगायचं, बायकोच्या तोंडून नाही. आमच्या आईने पहिल्यांदा इस्त्री हातातून ओढून घेतली होती, दुसऱ्यांदा नुसतं बघितलं, तिसऱ्यांदा स्वतःच्या दोन साड्या आणून ठेवल्या.

महिन्याने कागद खाली काढा. कोणाचे वार किती बुडले एवढंच मोजा, का बुडले ते उकरू नका. एखाद्याला शनिवार जमतच नसेल तर वार बदला. दुसऱ्याने घातलेली घडी आवडली नाही तर एकदाच दाखवा, पाठीमागून परत घालत बसू नका. तुम्ही परत घालताय हे त्याला कळतं, आणि पुढच्या वेळी तो घालतच नाही.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगत होतो. तो हं हं करत होता, मग म्हणाला, "दादा, सगळं पटलं, लिहूनपण घेतलं. पण आज वार कोणाचा ते ठरलेलं नाही आणि मशीन बंद होऊन अर्धा तास झालाय."

म्हटलं, फोन ठेव आणि जा.